चि. डांबरी रस्त्यास अनेक आशीर्वाद

चि. डांबरी रस्ता यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. परवा रात्री तुझा जन्म झाला. रोलरची घरघर पहाटेपर्यंत ऐकली आणि सकाळी गॅलरीतून तुझे काळेभोर, तुकतुकीत रूप पाहून पत्राला बसलो. पत्र खुले ठेवले आहे. तुझा पत्ता कायमचा असला, तरी त्या पत्त्यावर तू किती दिवस सापडशील, हे कुणी सांगावे?

घरात मूल जन्मले की आम्ही पत्रिका मांडतो. तुमच्यासाठीही तशी सोय आहे. तिला जीवनचक्र मूल्यांकन म्हणतात आणि आयएसओ १४०४० हे तिचे पंचांग. त्यात ग्रहांऐवजी टन, लिटर आणि धूर मोजतात, तेही पाळण्यापासून तिरडीपर्यंत. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो. तुझी पत्रिका मीच मांडली.

तू दोनशे मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि वरचा थर पाच सेंटीमीटरचा. म्हणजे बाळाचे वजन सुमारे १४४ टन! त्यात बिटुमेन जेमतेम पाच टक्के, सात टनांच्या आसपास. बाकी सगळी खडी. तुझे आजोळ मोठे खानदानी. खडी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. पितृकुळ तेलाचे. पेट्रोल, डिझेल अशी भावंडे शिकूनसवरून वर निघून गेली की शुद्धीकरण कारखान्यात तळाशी जो बिटुमेन उरतो, तो तुझा बाप. कारखान्याच्या एकूण धुरातला किती वाटा त्याच्या नावावर लावायचा, यावर तज्ज्ञांत अजून भाऊबंदकी चालू आहे.

मग गर्भसंस्कार. हॉटमिक्स प्लांटमध्ये खडी सुकवून, सुमारे दीडशे अंशांपर्यंत तापवून तुला घडवले. खडीचा ढीग उघड्यावर भिजत पडला होता. तिच्यात चार टक्के ओल धरली, तरी साडेपाच टन पाण्याची वाफ करण्यात इंधन गेले. ढिगावर पत्र्याची शेड घातली असती तर ते वाचले असते. पण शेडचे उद्घाटन करायला कोण येणार?

कागदोपत्री तू पर्यावरणस्नेही आहेस. तुझ्यासारख्यांना कमी तापमानात घडवता येते, जुन्या रस्त्याचा खरवडलेला माल मिसळता येतो, प्लॅस्टिकचा कचराही घालता येतो. यातले खोटे काही नाही. मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांना प्लॅस्टिकच्या रस्त्यांसाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि ती योग्यच होती. माझी अडचण अष्टमस्थानी आहे. तेच आयुष्याचे स्थान.

या पत्रिकेत सगळा हिशेब शेवटी वर्षांनी भागतात. १४४ टन माल दहा वर्षे टिकला, तर वर्षाला साडेचौदा टनांहून कमी. दोन वर्षे टिकला, तर ७२ टन. तीस टक्के जुना माल वापरून वाचवले ते तीस टक्के, आणि लवकर मरून उधळले ते पाचपट. बाळा, फाटक्या खिशात काटकसरीचे पैसे ठेवावेत, तशी ही हिरवाई.

तुमच्याच घराण्यात पुण्याचा जंगली महाराज रस्ता झाला. १९७६ साली, दहा वर्षांच्या हमीने. हमी संपली, तरी त्याने पुढे कित्येक पावसाळे खड्ड्यांविना काढले. त्याला कुणी हरित म्हटले नाही. तो नुसता टिकला.

तुझ्या मरणाचे कारणही पत्रिकेत दिसते आहे. तुला मध्ये उंची आणि कडेला उतार दिलेला नाही, गटाराचे तोंड तुझ्याहून वर आहे. पाणी साचणार, भेगेतून आत शिरणार, खडी आणि बिटुमेनची सोयरीक मोडणार. मग रिक्षा पहिल्या गिअरमध्ये कण्हत जातील. ते जादा पेट्रोल, टायर आणि माझा मणका मात्र ठेकेदाराच्या बिलात येणार नाही. पत्रिकेत त्याला वापराचा टप्पा म्हणतात. वर्दळीच्या रस्त्यावर बांधकामापेक्षा कितीतरी जास्त इंधन याच टप्प्यात जळते. पालिकेच्या ऑफिसात विचारले, तर म्हणाले, "ते आमच्या हद्दीत येत नाही."

राहिले अंत्यसंस्कार. तेही आमच्याकडे होत नाहीत. तुझ्याखाली तुझे चार थोरले भाऊ निजले आहेत. कुणी त्यांना खरवडून पुन्हा कामाला लावले नाही, प्रत्येकावर पुढच्याची चादर घातली. त्यामुळे तू सोसायटीच्या जोत्याहून वर आलास. पूर्वी फाटकातून दोन पायऱ्या उतरून रस्त्यावर जात होतो, आता दोन पायऱ्या चढून जातो. पावसाळ्यात तुझे पाणी पार्किंगमध्ये पाहुणे येते.

तरी आशीर्वाद देतो. औक्षवंत हो. निदान दिवाळी बघ.

कळावे,
तुझा शेजारी
(तिसरा मजला, रस्त्याकडची बाजू)

ता. क. पत्राची घडी घालत होतो, तोच खाली दोघे जण तुझ्या अंगावर चुन्याची रेघ मारताना दिसले. वरूनच विचारले. "काका, ड्रेनेजची लाइन टाकायचीय. उद्या खोदणार." पत्र पुन्हा लिहायचा कंटाळा आला. मायन्यातला 'चि.' तेवढा खोडला आणि 'कै.' केला.