पाऊस आल्याची खोटी वर्दी

साकोली तालुक्यातल्या सानगडीच्या आसपास दोन गोष्टींची ददात नाही: धान आणि तलाव. या मुलखात कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. पुढे मालगुजारी गेली, तलाव 'माजी मालगुजारी' झाले आणि सरकारी कागदांनीच त्यांना लाडानं 'मामा तलाव' करून टाकलं. या मामांकडे रोहू, कतला, मृगळ अगदी भाच्यांच्या थाटात वाढतात. खातात, पितात, मादीचं पोट अंड्यांनी टम्म फुगतं. आणि मग काहीच होत नाही. साचल्या पाण्यात रोहूबाई बाळंत होत नाहीत.

मरळ असले नखरे करत नाही. ती त्याच तलावात अंडी घालते, वर पिल्लांची राखणही करते. रोहूला मात्र पूर आलेली नदी लागते. वाहतं, गढूळ, चढतं पाणी.

अंडी तयार, नर हजर, मग अडतं कुठं? अडतं मेंदूत, आणि तेही अगदी तहसील कचेरीत अडावं तसं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचे मोठे साहेब बसतात. पुराची वर्दी आली की ते खालच्या पिट्युटरी ग्रंथीला हुकूम धाडतात. पिट्युटरी रक्तात संप्रेरक सोडते, ते अंडाशयापर्यंत पोचतं आणि तेव्हा कुठं अंडी पिकून सुटतात. तलावात पुराची वर्दीच येत नाही. शिवाय डोपामाइन नावाचा हरकत घेणारा बाबू पिट्युटरीच्या मानगुटीवर बसलेला असतोच. फाईल पोटात, सही डोक्यात!

सही मिळवण्याचा मार्ग हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथं दाखवला. दुसऱ्या माशाची पिट्युटरी काढून, तिचा अर्क टोचून त्यांनी देशात पहिल्यांदा या जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. तोवर मत्स्यबीजासाठी नद्यांच्या तोंडाकडे बघत बसावं लागे. बंगालच्या नद्यांतलं बीज रेल्वेनं दूरदूर जाई. आता बाजारात कापलेल्या माशाचं डोकं फोडायचं, मेंदूखालचा काही मिलिग्रॅमचा कण उचलायचा आणि निर्जल अल्कोहोलमध्ये ठेवायचा. साहेब वारले, दारूत बुडाले, तरी सही चालते. असं खातं दुसरं नसेल.

मादीला सुई दोनदा. पहिली हलकी, साधारण सहा तासांनी दुसरी जोराची. नराला एकदाच, तीही कमी. नरांनी यावरून काय समजायचं ते समजावं. मग दोघांना हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पिंजऱ्यात, सोडून द्यायचं.

पुढं डोकी फोडायचीही गरज उरली नाही. हायपोथॅलॅमसचा हुकूम नेमका कसा असतो, हे आंद्र्यू शॅली आणि रॉजर गिल्मँ यांनी डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूंचे ढीग उपसून उलगडलं. त्यांना 1977 चं नोबेल मिळालं. आज मत्स्यबीज केंद्रावर वापरतात त्या ओव्हाप्रिमसारख्या औषधात अशाच हुकुमाची कृत्रिम नक्कल असते आणि सोबत डोम्पेरिडोन. हो, तेच डोम्पेरिडोन, जे लग्नाच्या पंगतीनंतर मळमळलं की डॉक्टर आपल्याला देतात! आपल्यात ते ओकारी थांबवतं, रोहूत ते डोपामाइनबाबूला खुर्चीवरून उठवतं. एकाच गोळीची दोन घरी दोन कामं.

माणसाची कचेरी निराळी नाही. थायरॉइड कमी काम करू लागली की पिट्युटरी वरून जास्त ओरडते, म्हणून रिपोर्टात तिचं टीएसएच हे संप्रेरक वाढलेलं दिसतं. रोगी घरी सांगतो, "थायरॉइड वाढलं." वाढलेली असते वरची आरडाओरड, खालचा कारकून बहुतेक वेळा पेंगलेला असतो. थायरॉइडचं संप्रेरक रक्तात पुरेसं झालं की ओरडा आपोआप थांबतो. वरिष्ठानं काम झाल्यावर गप्प बसणं, ही सोय फक्त शरीरातच आढळते.

रोहूकडे वळायचं तर हिशेब असा: किलोभर वजनाची मादी दोन लाखांच्या आसपास अंडी देते. ती पंधरा-अठरा तासांत फुटतात, तीनेक दिवसांत मत्स्यजिरे हाती येतात आणि बोटुकलीएवढी झाली की ती मामांच्या पाण्यात जातात. 10 जुलैला देशभर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात, तो या सुईपायी. त्या दिवसांत मत्स्यबीज केंद्र पाहायचं असेल तर उशिरा जा. सुई संध्याकाळी टोचतात, बाळंतपणं रात्री होतात.