भांडी घासायचा व्हिसा

राजूर कॉलरीत वाढलेल्या माणसाला परमुलखात जाऊन काम करणं ही काही थोर गोष्ट वाटत नाही. आमच्याकडे अर्धी वस्तीच परमुलखातून आलेली. कुणी बिहारचं, कुणी उत्तर प्रदेशचं, कुणी आंध्राकडचं. पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन वणीला उतरायचं, खाणीत लागलं तर खाणीत, नाही तर चुन्याच्या भट्टीवर. बँकेत शिल्लक किती, परतीचं तिकीट कुठंय, असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर राजूर वसलंच नसतं. घटनेचं कलम 19 भारतभर फिरायला, राहायला आणि पोट भरायला मोकळीक देतं, आणि त्यासाठी सोडत काढत नाही.

त्यामुळे भाच्यानं बॅकपॅकिंगला जातो म्हटल्यावर भाऊजींना त्यात नवं काही दिसेना.

"पाठीवर बॅग घ्याची, देश फिराचे. पैसे सरले का तिथंच काम कराचं, अन् पुढं निंगाचं," भाच्यानं समजावलं.

"हे तं तुह्या आज्यानंही केलं. त्याची पेटी डोक्यावर होती, एवढाच फरक."

बॅग आधीच आली होती. कमरेला पट्टा, छातीला पट्टा, आणि छातीच्या बक्कलात चक्क एक शिट्टी. हरवलो तर वाजवायची म्हणे. ताई म्हणाली, "इथंच वाजवत जाय. जेवाले बलावतो तवा तं सापडत नाही."

गावातले फॉर्म भरून देण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे कागदपत्रं माझ्या गळ्यात पडली. भाच्याचा बेत सोपा होता. टुरिस्ट व्हिसा काढायचा, हॉस्टेलात रोज दोन-चार तास भांडी घासायची, त्या बदल्यात खाट मिळवायची. "पैसे घेतच नाही ना मामा, मंग ते काम कसं?"

गोम इथंच आहे. ऑस्ट्रेलियाचा कायदा पैसे हातात पडले का, एवढंच बघत नाही. ज्या कामाला तिथं एरवी मोबदला मिळतो ते काम, फुकट केलंत तरी. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलात तर बिनपगारी कामही चालत नाही; नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा केली तर तीही 30 दिवसच. आपणही काही कमी नाही. टुरिस्ट व्हिसावर येऊन गोव्यात धंदा मांडणाऱ्या परदेशी मंडळींना आपणही घरी पाठवतो.

ऑस्ट्रेलियाची व्याख्या मी मोठ्यानं वाचली, आणि तिचा परिणाम भलतीकडेच झाला. ताई ओट्याजवळून म्हणाली, "म्हंजे मी इतके वर्स कामच करून राह्यलो म्हना की!" भाऊजींनी तातडीनं टीव्हीचा आवाज वाढवला.

सरळ वाटा दोनच दिसत होत्या. ब्रिटननं 2023 पासून भारतीय तरुणांसाठी वर्षाला 3000 जागा ठेवल्या. वय 18 ते 30, हाती पदवी, आणि खात्यात 2530 पौंड सलग 28 दिवस पडून. आमच्या घरात पगार 28 तास पडून राहिला तर बँकेचा मॅनेजर फोन करेल. वयाची अटही मजेची आहे. एकतीस वर्षं पुरी झाली की भटकंतीची हौस तीच राहते, फक्त बेकायदा होते.

दुसरी वाट ऑस्ट्रेलियाची. 'वर्क अँड हॉलिडे', प्रकार 462, भारतीयांना 2024 पासून खुला. जागा 1000. नुसतं सोडतीत नाव घालायला 25 डॉलर, आणि पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे 40,000 जणांनी ते भरले. नंबर लागला तर व्हिसाची फी वेगळी, खात्यात साधारण 5000 डॉलर दाखवा, इंग्रजीचा दाखला द्या. मग एक वर्ष मोकळं रान. पण एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकायचं नाही. या अटीवर भाच्यानं मान डोलावली. सहा महिने तो आजवर कुठंच टिकलेला नाही.

"अन् आणखी एक वर्स राहाचं असन तं?" भाऊजींनी विचारलं.

"तं दूरच्या भागात तीन महिने ठरवून दिलेलं काम करा लागते. फळं तोडनं, शेतीतलं काम..."

भाऊजींनी टीव्ही बंद केला. यंदा त्यांच्या वावरात कापूस फुटून लोंबत होता आणि वेचणीला माणूस मिळेना. किलोमागे भाव वाढवून झाला, ऑटो पाठवून झाला, बाया शेजारच्या वावरात गेल्या त्या गेल्याच.

"म्हंजे डॉलर भराचे, चिठ्ठी काढाची, विमानानं जाचं, अन् लोकाच्या वावरात राबाचं?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मंग आपल्या वावरानं काय घोडं मारलं?"

"आपल्या वावरात राबून व्हिसा नाही वाढत ना बाबा."

यावर भाऊजी गप्प बसले. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण ते हिशेब करत होते.

"तिकडच्या पोट्ट्याईले असंच फिराचा शौक असन ना? त्याईले सांग, हाबी दूरचाच भाग आहे. जेवन-खाट देतो. या म्हना वेचाले."

मी सांगितलं, ते टुरिस्ट व्हिसावर येतील, भाऊजी. कापूस वेचला की ते काम झालं.

"वेचू नका म्हना," भाऊजी म्हणाले. "फोटो काढाले म्हनून तोडा, अन् पोत्यात ठेवून द्या म्हना."