मे महिन्यातला हीटर

मुक्ताईनगरच्या केळीला दोन्ही बाजूंनी संरक्षण आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात हिवाळ्यात पारा फार घसरला तरी भरपाई, उन्हाळ्यात फार चढला तरी भरपाई. आमच्या वीसेक वर्षं जुन्या गाडीच्या पॉलिसीत असलं कलम नाही. गाडी ठोकली तर विमावाले चौकशीला तरी येतात. आतली माणसं उकडून निघाली, तर तो अपघात धरत नाहीत.

आणि उकडणं म्हणजे काय, हे पुण्याच्या पाहुण्याला सांगून कळत नाही. मे महिन्यात भुसावळपासून आमच्यापर्यंत पारा ४५ च्या आसपास रेंगाळतो. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजले, अशी कथा आहे. तिच्या नावाच्या या गावात दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या टपावर खापराचं काम सहज भागावं.

अशा गाडीचा एसी गार हवा देत नाही, एवढं चहाच्या टपरीवर बोलायची खोटी. “गॅस संपला आसंन, भो!” चहावाला, केळीचा व्यापारी, शेजारचा पंक्चरवाला, सगळ्यांचं एकमत. राजकारणातसुद्धा आमच्याकडे इतकं एकमत होत नाही. पेट्रोल संपतं तसा एसीचा गॅसही संपतो, ही पंचक्रोशीची श्रद्धा आहे. खरं म्हणजे तो जळत नाही आणि खर्चही होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून पातळ होतो, डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये मोकळा होऊन गार पडतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे निघतो. बंद नळ्यांतली ही वारी आहे. वारकरी कमी झाले, तर वाटेत कुठेतरी भोक आहे. ते शोधायचं तर नायट्रोजन भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का, ते पाहत बसायचं. एवढा धीर कोणाला? त्यामुळे गुढीपाडव्याच्या सुमारास नवा गॅस भरायचा आणि आखाजीपर्यंत पुन्हा टपरीवर जायचं, असा आमचा कुळाचार झाला.

ब्लोअरची तऱ्हा वेगळी. त्याला चार नंबर. पहिल्या तिन्हींवर संपूर्ण मौन, चौथ्यावर वादळ. रेझिस्टर जळला की असंच होतं, ही किरकोळ दुरुस्ती आहे, हे गॅरेजच्या मिस्त्रींनी सांगितलं होतं. पण पुढच्या सीटवर माझे वडील, आबा बसतात, आणि त्यांच्या मते एसी हा संधिवाताचा धाकटा भाऊ. चौथा नंबर लागला की ते टोपीवरून उपरणं घेत, कान बांधत आणि बाहेर ४५ अंश असताना म्हणत, “वारा बाधू र्‍हायला रे.” मग आम्ही मौन पसंत करायचो.

एका मे महिन्यात सिल्लोडच्या लग्नाला निघालो. फर्दापूर सोडून अजिंठ्याच्या घाटाला लागलो आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघाला. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी रेडिएटर आधीच निम्मा बुजलेला. मिस्त्रींना फोन लावला.

“एसी बंद करा.”

“केला.”

“आता हीटर लावा. फुल.”

मला वाटलं, रेंज नाही. पण त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्याचा एक छोटा रेडिएटरच. तो लावला की इंजिनाची उष्णता गाडीत येते. इंजिन सुटतं, माणसं सापडतात. बायको पैठणीत, मुलं शेरवानीत, ब्लोअर चौथ्या नंबरावर. काटा खाली आला. लग्नात सगळ्यांनी आमचे लाल चेहरे पाहून “किती तेज आलंय!” म्हटलं. घाट चढताना प्रसन्न होते ते फक्त आबा. “आता कसं बरं वाटू र्‍हायलं,” ते म्हणाले.

तोच हीटर डिसेंबरात मात्र थंडगार. पहाटेच्या गाडीसाठी भुसावळ स्टेशनला निघालो, बाहेर हुडहुडी, काच आतून धुरकटलेली. (अशा वेळी हीटरसोबत एसीही लावायचा असतो, तो हवेतला ओलावा काढतो आणि काच लगेच स्वच्छ होते. हे कोणाला पटत नाही. आबांना तर मुळीच नाही.) भुसावळ येईपर्यंत हीटरने कोमट उसासेच टाकले. कारण नंतर कळलं. इंजिन पुरेसं तापेपर्यंत थर्मोस्टॅट पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून धरतो. आधीच्या एका उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढून टाकला होता. “आपल्याकडे लागतो काहाले?” हे त्यामागचं शास्त्र. मग हिवाळ्यात पाणी रेडिएटरमधून फिरतच राहतं, तापायला त्याला सवड मिळत नाही.

मिस्त्रींनी नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर साफ केला, रेझिस्टर बदलला आणि डॅशबोर्ड उघडलाच आहे म्हणून आत बॅटरी मारली. तिथे खरा गुन्हेगार निघाला. हीटरच्या कॉइलमध्ये गरम पाणी उन्हाळ्यातही फिरत असतं. गार हवा त्या कॉइलवरून जाऊ नये म्हणून मध्ये एक झडप असते. आमच्या झडपेची केबल सैल झाली होती. झडप गरमकडे पूर्ण जायची, गारकडे येताना अर्ध्यात थांबायची. इतके उन्हाळे एसी बिचारा गार हवा करत होता आणि हीटर ती वाटेत तापवत होता. गॅस बहुधा निर्दोष होता.

या मॉडेलची केबल आता मिळत नाही. मिस्त्रींनी झडपेला मजबूत सुतळी बांधली आणि तिचं टोक डावीकडून बाहेर काढलं. ओढली की गार, सोडली की गरम. चालवणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही, त्यामुळे सुतळी आबांकडे असते. ती ओढायला कोणी सुचवलं, तर ते खिडकीबाहेरच्या केळीच्या बागांकडे बघत म्हणतात, “काहाले? चांगली हवा हाये.”