गुलाबी फरदड

आमच्या मुकुटबनच्या बाजूला पऱ्हाटीला म्हातारपण मान्य नसतं. दिवाळीच्या आगेमागे पहिला वेचा येतो, तेव्हा तिचा थाट नव्या नवरीचा. सीतादहीच्या दिवशी वावरात दहीभात वाहायचा आणि मगच पहिल्या बोंडाला हात लावायचा. मग दुसरा वेचा, तिसरा वेचा, आणि थंडी सरता सरता शहाण्या माणसानं पऱ्हाट्या उपटून वावर मोकळं करावं, असा रिवाज. पण झाड अजून हिरवं दिसत असतं, विहिरीला पाणी असतं, आणि मनुष्य म्हणतो, एक पाणी देऊन तर पाहू. त्यातून जो उशिराचा, आखूड धाग्याचा, थोडा मळकट कापूस हाती येतो, त्याला आम्ही फरदड म्हणतो. कृषी सहायक दर वर्षी बजावून जातो की फरदड घेऊ नका, तिच्यात गुलाबी बोंडअळी पोसली जाते. 2017 साली ह्याच अळीनं आमच्या जिल्ह्यातली बोंडं आतून पोखरली होती, तेव्हा त्याचं म्हणणं कुणाला खोटं वाटत नाही. सगळे माना डोलावतात. आणि तरी चार-दोन वावरांत पऱ्हाटी आपली उभीच असते. तिच्याकडे पाहिलं की मला माझ्या कपाटाचा खालचा कप्पा आठवतो.

वरच्या कप्प्यांबद्दल मला काही लपवायचं नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाकडे जी पुस्तकं असावीत, ती तिथं पाठ ताठ करून उभी आहेत. खालच्या कप्प्यातली मात्र आडवी आहेत, आणि बरीचशी वर्तमानपत्राच्या वेष्टणात आहेत. वेष्टण काढलं की बहुतेकांवर एकच रात्र दिसते. टेकडीवर वाडा, वाड्याच्या एकाच खिडकीत उजेड, आभाळात वीज, आणि पांढऱ्या साडीतली एक तरुणी जिवाच्या आकांतानं पळते आहे. एवढ्या वादळात तिचा पदर शिस्तीनं एकाच बाजूला उडतो आणि केस विस्कटतात तेही बेतानं, जणू वाऱ्याला आधी समज देऊन ठेवली असावी. आत तर विचारायलाच नको. रात्री दोन वाजता तिला चाहूल लागते. घरात दहा माणसं निजलेली असताना ती एकालाही उठवत नाही. मेणबत्ती घेते आणि थेट त्या खोलीकडे निघते, जिच्याकडे जाऊ नकोस असं तिला पहिल्याच प्रकरणात सांगितलेलं असतं. मेणबत्ती नेमकी दाराशी विझते. मेणबत्त्यांची ही जात आमच्या बाजारात मिळत नाही. आमच्याकडच्या, वीज गेली की लावलेल्या, वीज येऊन तासभर झाला तरी विझवायच्या राहून गेलेल्या असतात.

हे वेड मला वारशानं मिळालं, आणि तेही मोठ्या आईकडून. मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. घरच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला, आणि तिच्या हातून कधी दुधावरची साय इकडची तिकडे झाली नाही, अशी तिची ख्याती. मी वणीला कॉलेजात जायला लागलो तेव्हा तिनं मला वाचनालयाच्या वर्गणीचे पैसे दिले आणि हळूच म्हणाली, “बाबू, देवाधर्माचं नको आणू. तसलं आण.” ‘तसलं’ म्हणजे काय हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पहिल्याच खेपेत वीज, वाडा आणि पांढरी साडी असलेलं पुस्तक आणलं, तेव्हा तिनं ते चुलीच्या उजेडात उलटंसुलटं करून पाहिलं आणि पोळपाटाखाली सारलं. परीक्षेत पास झाल्याचा तेवढा आनंद मला पुढे कधी झाला नाही. एश्टीत ती पुस्तकं आधी मी वाचायचो. वणीहून गाडी सुटली की नायिका माहेर सोडायची, कायर येईपर्यंत वाड्यावर पोचायची, आणि मुकुटबनच्या स्टँडवर कंडक्टर घंटी ओढायचा तेव्हा कुणीतरी तिच्या मागे उभं असायचं. उरलेलं मोठ्या आईच्या नंतर.

मोठी आई वाचायची ती कापसाच्या खोलीत. ते एकाधिकार खरेदीचे दिवस होते. सरकारनं 1972 पासून कापूस आपणच घ्यायचं ठरवलेलं, त्यामुळे केंद्रावर गाड्यांची रांग लागायची आणि आपला नंबर येईस्तोवर घरातली एक खोली छतापर्यंत कापसानं भरलेली असायची. पुढे चुकारा कधी मिळेल, हे तर रहस्यकथेच्या कुठल्याही लेखकाला सुचलं नसतं असं रहस्य होतं. त्याचा उलगडा कित्येकदा पुढच्या हंगामात व्हायचा. दुपारी मागचं आवरलं की मोठी आई त्या ढिगात खळगा करून बसायची, ढगात बसावं तशी, आणि तिच्या पायथ्याशी मी. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात कापसाची लव तरंगायची. थोड्या वेळानं अंगाला खाज सुटायची. साठवलेल्या कापसात बसलं की ती सुटतेच, तिला इलाज नाही. पण आजही एखाद्या कादंबरीत जिन्यावर पावलं वाजली की माझ्या कोपराला खाज येते. डॉक्टर त्याला काहीही म्हणोत, ती वाङ्मयीन खाज आहे.

तिची वाचण्याची रीत अशी की ती नायिकेशी भांडायची. ओठातल्या ओठात वाचता वाचता मध्येच आवाज चढायचा. “कायले जाऊन राहिली व तिकडं? सांगतलं होतं ना तुले?” पुढच्या पानावर ती मुलगी परक्याचं पत्र उघडायची. “घे! आता हेच राहिलं होतं.” मग ती खोटं बोलायची, मत्सरानं जळायची, गोड हसणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायची आणि कपाळाला आठ्या असलेल्या भल्या माणसावर संशय घ्यायची. मोठी आई दर वेळी कपाळावर हात मारून घ्यायची आणि पान उलटायची. मला वाटायचं, हिला ह्या पोरी मुळीच आवडत नसाव्यात. म्हणून एकदा मुद्दाम शहाण्या नायिकेची कादंबरी आणली. ती रात्री दाराला कडी घालून झोपायची, शंका आली की वडीलधाऱ्यांना विचारायची, बंद खोलीकडे ढुंकूनही पाहत नव्हती. तीन दिवसांनी पुस्तक अर्ध्यावर परत आलं. “काऊन? नाही आवडलं?” मोठी आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ते तं माह्यासारखीच आहे, बाप्पा. तिचं काय वाचू?”

पुढे शिकवायच्या निमित्तानं मी मराठी कादंबरीचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की आपल्याकडे हे वेड कादंबरीइतकंच जुनं आहे. पहिली मराठी कादंबरी म्हणून ज्या ‘यमुनापर्यटन’चं नाव घेतलं जातं, ती 1857 ची, विधवांच्या दुःखाची. आणि लगेच 1861 साली लक्ष्मणशास्त्री हळबे ‘मुक्तामाला’ घेऊन आले, ती अद्भुताच्या वाटेनं. वाचकांनी दुःखाला नमस्कार केला आणि अद्भुतामागे चालू लागले. तेव्हाच्या नायिकेवर संकटं हवी तेवढी कोसळत, पण तिच्या स्वभावाला डाग लागत नसे. डाग लागायला आणखी बराच काळ जावा लागला. मधल्या काळात बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, हे कळल्यावर मला त्यांच्या दूरदृष्टीचं फार कौतुक वाटलं. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा 1962 साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1969 साली न्यायमूर्तींनी कथा निर्दोष ठरवली. त्यासाठी त्यांना ती वाचावी लागली असणार. दिवाळी अंकातली प्रेमकथा, आणि वाचणारे इतके गंभीर चेहऱ्यानं! तिला वर्तमानपत्राचं वेष्टण न घालता वाचणारे ते पहिलेच वाचक असावेत. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ पडद्यावर आला आणि कोर्टात न गेलेल्यांनी तिकडे गर्दी केली.

मोठ्या आईच्या लेखी मात्र हा सगळा इतिहास एकाच साली घडला, 1964 मध्ये. त्या वर्षीचा राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ तिनं वणीला पाहिला, लग्नानंतर काकांबरोबर पाहिलेला तिचा पहिला सिनेमा. वकिलाची लाडकी बायको मरते, आणि मग पोलीस एका दरोडेखोर बाईला धरून आणतात. ती हुबेहूब बायकोसारखी दिसते आणि मीच तुमची बायको म्हणून सांगते. दोन वर्षांनी हिंदीत त्याचाच ‘मेरा साया’ झाला. परतताना बैलगाडीत काकांनी तिला विचारलं म्हणे, कशी वाटली? तिनं काय उत्तर दिलं ते सांगताना मोठी आई अजून तोंडाला पदर लावते. ती म्हणाली होती, “बायकोपेक्षा ते दरोडेखोरीणच बरी होती.” काका पुढचे दोन कोस काही बोलले नाहीत.

मला वाटतं, सगळं मर्म त्या दोन कोसांच्या शांततेत आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यातली माणसं चुकतात ती मोठ्या कारणांनी, आणि त्यांच्या चुकीला समीक्षक मिळतात. खालच्या कप्प्यातली पोरगी मात्र उगाचच चुकते. तिला फक्त दार उघडून पाहायचं असतं. आमच्याकडच्या बायांना दारं होती, किल्ल्याही होत्या, पण आत काय आहे हे त्यांना आधीच ठाऊक असे: सरकी, गूळ, बियाण्याची ज्वारी, सासऱ्याची जुनी छत्री. बंद खोलीत न जाण्याचा शहाणपणा ज्यांनी जन्मभर केला, त्यांना दुपारचा एक तास कुणीतरी आपल्या वतीनं वेडेपणा करणारं हवं असतं. तिनं तो करावा, आपण कपाळावर हात मारावा, आणि शेवटच्या पानावर तिला क्षमा करावी. त्या क्षमेत थोडीशी आपल्या वाट्याचीही असते. वाचनालयाच्या पुस्तकांची शेवटची पानं बहुतेक फाटलेली असायची. तेव्हा मोठी आई स्वतःच शेवट सांगायची, आणि तिच्या शेवटात नायिकेला कधी शिक्षा झाली नाही. एकदा तर तिनं वाडा, नवरा आणि दागिने असे तिन्ही तिच्या पदरात टाकले. खुनी कोण, हे मात्र सांगायची विसरली.

आता मोठी आई चौऱ्याऐंशीची आहे. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण बारीक अक्षर दिसत नाही. कापसाच्या खोलीत आता पोती आणि मोडका कूलर आहे. रात्री सिमेंटच्या कारखान्याचे दिवे दिसतात, त्यामुळे अंधारसुद्धा पूर्वीसारखा गच्च राहिला नाही. मी रोज रात्री तिला एक गोष्ट सांगतो. परवा ‘रेबेका’ सुरू केली. दाफ्ने द्यू मोरियेनं 1938 साली लिहिलेली, आणि पुढे 1964 मध्येच वहिदा रेहमानचा ‘कोहरा’ जिच्यावरून आला ती. मी म्हटलं, श्रीमंत विधुराशी लग्न करून एक साधी पोरगी त्याच्या अवाढव्य वाड्यात येते. तिथल्या किल्ल्या एका कारभारणीच्या कमरेला. मोठी आई म्हणाली, “म्हंजे सासूच.” मी सांगितलं, की अख्ख्या कादंबरीत त्या पोरीचं नाव कुठं येतच नाही, ती नुसती ‘मी’. ह्याचं तिला काहीच नवल वाटलं नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं जे नाव लिहिलं, त्यानं तिलाही कुणी हाक मारली नव्हती. आधी सूनबाई, मग वहिनी, मग मोठी आई. माहेरचं नाव सांगणारं तर आता कुणी उरलेलंच नाही.

मग मी त्या प्रसंगाशी आलो. पोरीच्या हातून चिनी मातीचा एक किमती मदन खाली पडून फुटतो. घरची मालकीण तीच, पण भीतीनं तुकडे गोळा करते आणि मेजाच्या खणात मागच्या बाजूला दडवून ठेवते. पुढे आळ येतो तो नोकरावर. मी थांबलो, कारण इथं मोठी आई हमखास कपाळावर हात मारणार होती. तिनं मारला नाही. पंख्याचा आवाज येत राहिला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “बरणी होती.”

“कोणती बरणी?”

“लोणच्याची. सासूबाईच्या माहेरची, चिनी मातीची. म्या फोडली. लग्नाले चार महिने झाले होते.” ती छताकडे पाहत होती. “मांजरीनं पाडली म्हनून सांगतलं. तुकडे दडवले. आजपर्यंत कोणाले नाही सापडले.”

साठ-पासष्ट वर्षं! ज्या बाईच्या हातून साय हलली नाही, तिनं एवढा काळ एका निरपराध मांजरीच्या बदनामीवर संसार केला होता. मी पुढे सरकलो. “कुठं दडवले?”

तिनं उशी सारखी केली, चादर छातीपर्यंत ओढली, आणि तिच्या डोळ्यांत मला तो कापसाच्या खोलीतला उन्हाचा पट्टा दिसला. “ते उद्या,” ती म्हणाली.

तो उद्या अजून आलेला नाही. मी रोज विचारतो, ती रोज ‘रेबेका’चं पुढचं ऐकते आणि झोपून जाते. काल रात्री मला झोप लागेना. दोन वाजले असतील. घरात सगळे निजले होते, त्यातल्या एकालाही न उठवता मी मोबाइलची बॅटरी लावली आणि अनवाणीच कापसाच्या खोलीकडे निघालो. तिच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा आहे, कधीकाळी मातीनं बुजवलेला. कडीला हात लावला आणि मोबाइल चार्जिंगअभावी दाराशीच बंद पडला. अंधारात मागून, पलंगावरून, ओळखीचा आवाज आला.

“कायले जाऊन राहिला रे तिकडं?”