पाटी बदला, भाव वाढवा

कोपऱ्यावरच्या अमृततुल्याने परवा पाटी बदलली. चहा तोच, आल्याची काटकसरही तीच. पाटीवर मात्र ‘एआय टी हब’. मी हसलो. बाकावर बसलेले सोसायटीतले काका हसले नाहीत. मोबाईलवरून नजर न काढता त्यांनी विचारलं, “हा लिस्टेड आहे का हो?”

तसं हसण्यासारखं काही नाहीच म्हणा. न्यूयॉर्कजवळ ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ नावाची, बाटलीबंद गार चहा विकणारी तोट्यातली कंपनी होती. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन २०,००० डॉलरच्या उंबरठ्यावर असताना तिने बारसं करून नवं नाव घेतलं, ‘लाँग ब्लॉकचेन’. शेअर एका दिवसात जवळपास तिप्पट! ब्लॉकचेन होती कुठं? आमच्या चहात आलं असतं, तेवढीही नाही. पुढे नॅसडॅकने तिला बाहेर काढलं आणि २०२१ मध्ये तिथल्या बाजार नियामकाने तिच्या शेअरची नोंदणीच रद्द केली.

हे सगळं काकांना सांगितलं. काकांकडे २००० सालातले ‘इन्फोटेक’ शेपटीचे कागदी शेअर अजून आहेत; काकू ते फडताळात अंथरतात. त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. “पण तिप्पट झालाच ना?” एवढंच म्हणाले, आणि काउंटरकडे वळून ओरडले, “काय रे, आयपीओ कधी?”

“आधी मागची उधारी द्या, काका.”