किती पावसाळे?

मराठीत दीर्घायुष्याचे शब्द उदंड. ते वाटण्याची रीत मात्र अजब. लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाला 'चि.' लावतात आणि अक्षता पडल्या की त्याचा 'श्री.' होतो, म्हणजे अमरत्व संपून संसार सुरू. पत्राच्या मायन्यातही चिरंजीव असतो तो धाकटा. ज्यांनी खरोखर आयुष्य काढलं ते नुसते तीर्थरूप. दापोलीजवळ बुरोंडीला परशुरामाचा भव्य पुतळा उभा आहे. सप्त चिरंजीवांपैकी हे एक, पण त्यांना 'चि. परशुराम' म्हणण्याची कुणाची छाती नाही. अनंतकाळाची ग्वाही देणाऱ्या 'चिरंजीव' या शब्दाला स्वतःची शेवटची तीन अक्षरंसुद्धा सांभाळता आली नाहीत, हे आणखी वेगळंच.

कुणी म्हणेल, हे आशीर्वाद आहेत, हमीपत्रं नव्हेत. मान्य. पण आशीर्वादालाही हिशेब चुकत नाही. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे 1858 साली जन्मले. शंभरी गाठली त्या 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं आणि 1962 साली, वयाची 104 वर्षं पूर्ण करून ते गेले. शेवटच्या चार वर्षांत त्यांना कुणी 'शतायुषी व्हा' म्हटलं असतं, तर ती शुभेच्छा न ठरता मुदत संपल्याची नोटीस ठरली असती. लोक त्यांना साधं 'अण्णा' म्हणत.

माणसाचं एकवेळ ठीक. वस्तूंना हेच शब्द चिकटले की खिशाला चाट बसते. 'कायमस्वरूपी' दुरुस्ती, 'आजन्म' हमी! जन्म कुणाचा, गिऱ्हाइकाचा की पत्र्याचा? दापोलीत वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याला विशेषणं वाचता येत नाहीत. 3 जून 2020च्या निसर्ग चक्रीवादळाने केळशी-आंजर्ल्याकडचे माड-पोफळी आडवे केले, तेव्हा 'कल्पवृक्ष' ही पदवी माडाच्या कामी आली नाही. उलट जांभ्याचा चिरा पाहा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, वारा लागेल तसा कठीण होत जातो. जाहिरात काही नाही, भिंत मात्र उभी.

म्हणून दापोलीकडच्या बोलीतलं एक माप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. कौलं 'अजून दोन पावसाळे काढतील', आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरलेली आमसुलं 'एवढा पावसाळा निभावतील', आणि वडीलधाऱ्यांनी आपल्यापेक्षा 'चार पावसाळे जास्त पाहिलेले' असतात. माणूस, छप्पर आणि बरणी एकाच फूटपट्टीवर, आणि प्रत्येकाला मुदत ठरलेली. हे माप कोरड्या माणदेशात कसं चालणार, असा आक्षेप येईल. तिथे उन्हाळे मोजावेत, मोजल्याशी कारण. हे निराशेचं बोलणंही नव्हे, कारण दोन पावसाळ्यांचा शब्द पाळता येतो, चिरकालाचा पाळला की नाही हे पाहायला कुणी उरतच नाही.

तेव्हा लग्नपत्रिकेवर 'चि.' खुशाल छापा, तिथे पैसे परत मागायचे नसतात. पण गच्चीच्या गळतीवर कुणी 'कायमस्वरूपी' इलाज सांगू लागला, तर एवढंच विचारा: किती पावसाळे? आणि आकडा बिलावर लिहून घ्या.