तंजावरचा उकाडा आणि पंख्याचा राज्यकारभार

दुसरे सरफोजीराजे तंजावरच्या गादीवर होते (१७९८ ते १८३२), त्या काळात साहेबांच्या दिवाणखान्यांत छताचा झुलता पंखा दोरीने ओढण्यास माणूस ठेवलेला असे आणि साहेबांच्या कपाळावरचा घाम हाच त्याचा तापमापक असे. संगणकात ही चाकरी मदरबोर्डाकडे, म्हणजे सर्व भाग ज्यावर बसवलेले असतात त्या मुख्य पाटीकडे, आलेली आहे. घामाची वर्दी प्रोसेसरच्या पोटातील संवेदक देतो.

वर्दी मिळाल्यावर हुकूम सुटतो तो चार तारांतून. दोन तारा विजेची ने-आण करतात. तिसरी प्रत्येक फेरीला दोन ठोके पाठवून पंखा खरोखर काम करत असल्याचा पुरावा सादर करते (असा पुरावा कचेऱ्यांतही मागता आला असता तर बरे झाले असते). आणि चौथीवरून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत येतो, ज्यातील चालू काळाच्या प्रमाणात गती ठरते. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. लिनक्समध्ये हे प्रमाण ० ते २५५ असे लिहितात, तापमान मात्र अंशाच्या हजाराव्या भागात मिळते, त्यामुळे ४५००० हा आकडा वाचून आपल्या संगणकाने सूर्यालाही मागे टाकल्याचा नवख्याचा समज होतो.

प्रोसेसर क्षणात तापतो, पण त्यावरचा धातूचा हीटसिंक सावकाश तापतो. म्हणून प्रत्येक चढउताराला उत्तर देणारा पंखा ब्राउझर उघडताच किंचाळतो, लगेच गप्प होतो आणि पुन्हा किंचाळतो. हे टाळण्यासाठी वेग वाढण्याचा आणि उतरण्याचा उंबरठा वेगवेगळा ठेवतात, त्याला हिस्टेरेसिस म्हणतात. शिवाय थांबलेल्या पंख्याला सुरू होण्यास जितका जोर लागतो, तितका चालू राहण्यास लागत नाही, आणि हे केवळ पंख्यांपुरते खरे नाही.

तंजावरात मे महिन्यात पारा ३७-३८ अंशांवर सहज जातो, आणि पंखा हवा ढकलतो, थंड करत नाही. तेव्हा प्रोसेसर ३५ अंशांवर आणण्याचा हुकूम, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेल्या भोसले वंशाच्या मराठी इतिहासाइतक्या निष्ठेने लिहिला, तरी निष्फळच ठरतो. पंख्याला दोष देण्यापूर्वी संगणक बंद करून हीटसिंकवरची धूळ झाडावी, आणि उन्हाळ्यात किमान वेग शून्यावर ठेवू नये.